सूर्यगडच्या वेढ्यातलं आमचं कोपर

आमच्या घरात एका कोपराला फार मान आहे.

हे कोपर आमच्या अज्जांचं. (आजोबांना आम्ही अज्जा म्हणतो. आम्ही कित्येक पिढ्यांचे बेंगळुरूकर मराठी. आमच्या मराठीत कानडी इतकी मुरली आहे की एक कुठे संपते आणि दुसरी कुठे सुरू होते, हे आम्हालाही बोट ठेवून दाखवता येत नाही.) 'सूर्यगडचा वेढा' या जुन्या, गाजलेल्या ऐतिहासिक चित्रपटात शेवटच्या लढाईच्या वेळी ते पडद्याच्या उजव्या कडेने आत येतं, क्षणभर थांबतं आणि काही पराक्रम करायच्या आत परत बाहेर जातं. बस्स, एवढंच. पण पाहुणा आला की चहाच्या आधी त्याला कोपर दाखवायची आमच्याकडे पद्धत होती. पाहुणा म्हणायचा, "कुठे, दिसलं नाही." मग कॅसेट मागे न्यायची. तो परत म्हणायचा, "दिसलं नाही." असं करत करत चहा गार व्हायचा, आणि शेवटी गार चहाच्या भीतीने प्रत्येकाला कोपर दिसायचं.

अज्जा शिंपी. इंदिरानगरच्या आतल्या गल्लीत आमचं टेलरिंगचं दुकान आहे. हल्ली तिथे मुख्यतः कोरमंगल्याच्या पीजीत राहणाऱ्या मुलांच्या जीन्स खालून आखूड करून मिळतात. पण अज्जा तरुण होते तेव्हा महाराष्ट्रातून एक चित्रपट कंपनी बेंगळुरूजवळच्या खडकाळ डोंगरांत गड उभारायला आली होती. सैन्याचे अंगरखे शिवायला त्यांनी आमच्या समाजातले शिंपी नेले. अंगरखे शिवून झाले, आणि मग लक्षात आलं की घालायला माणसं कमी आहेत. दिग्दर्शकाने तंबूत डोकावून विचारलं, "मराठी येणारा कुणी उभा राहील का?" बाकीचे शिंपी मान खाली घालून काजं करत राहिले. अज्जा उठले. स्वतः शिवलेला अंगरखा स्वतःच घालून ते मावळे झाले. अख्ख्या सैन्यात आपल्याएवढा मापाचा अंगरखा दुसऱ्या कुणाचा नव्हता, असं ते अजूनही सांगतात.

शिवाय चित्रपटात आपला एक संवाद आहे, असंही ते सांगत. लढाई ऐन रंगात आलेली, सेनापती थबकलेले, आणि मागून अज्जा गरजले, "सेनापती, पुढे व्हा!" (घरात अज्जा इतकं हळू बोलतात की अज्जी त्यांना प्रत्येक गोष्ट दोनदा विचारते. गरजण्याचा सगळा साठा त्या दिवशीच संपला असावा, असा आम्ही समज करून घेतला होता.)

चित्रपट लागला तेव्हा आमच्या सगळ्या समाजाने तो थिएटरात पाहिला. पण लढाई सुरू झाली की लोक उभे राहून शिट्ट्या मारत. त्यामुळे त्या प्रसंगात काय दिसलं आणि काय ऐकू आलं, याचा एकही साक्षीदार मागे उरला नाही. उरली ती कॅसेट, आणि कॅसेटमधलं कोपर.

आता रंगरावांबद्दल सांगायला हवं. रंगराव अज्जांचे बालमित्र आणि आमच्या समाजमंडळाचे अध्यक्ष. ते त्याच दिवशी शूटिंगला गेले होते, पण चष्मा होता म्हणून त्यांना सैन्यातून परत पाठवलं. (मावळ्यांपैकी एकाचीही नजर अधू नव्हती कशावरून, हा त्यांचा प्रश्न अजून कायम आहे.) मंडळाच्या दरवर्षीच्या स्नेहसंमेलनात अज्जा 'सूर्यगड आणि मी' या विषयावर बोलायचे. आठवडाभर दुकानात भाषणाची तालीम चाले. यंदा रंगराव आमच्या दुकानात आले, स्टुलावर बसले आणि म्हणाले, "रघू, ह्या वर्षी सूर्यगड नको."

"का म्हणून?"

"किती वर्षं तेच तेच. लोक कंटाळले."

"कंटाळले म्हणून कोण सांगितलं?"

"मी सांगतो की. आणि खरं सांगू? तू त्या दिवशी तंबूत काजं करत बसला होतास. मी बघितलंय."

"चष्मा लावून बघितलंस की काढून?"

रंगरावांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "हे बघ. सगळा समाज बघतो, काय दिसतं? कोपर. कोपर कुणाचंही असतं, रघू. माझंही असेल ते."

 संध्याकाळी मशीन झाकताना अज्जा अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, एवढंच म्हणाले, "सगळी उमर एक गोष्ट खरी सांगितली, आणि लोकांना ती कंटाळा येईपर्यंत खोटी वाटली." त्यानंतर घरी पाहुणे आले तरी कॅसेट बाहेर निघाली नाही. पाहुण्यांना गरम चहा मिळू लागला. आम्हाला कुणालाच ते बरं वाटलं नाही.

मी आमच्या घरातली कॉलेजात गेलेली पहिली. त्यामुळे कॉलेजात सगळंच शिकवतात, असा घरच्यांचा समज आहे. फ्यूज उडाला की मला बोलावतात. बँकेचा मेसेज आला की मला बोलावतात. एकदा आईने डोसा तव्याला का चिकटतो हेही विचारलं होतं. माझा विषय पत्रकारिता आहे, हे मी हळू आवाजात सांगून पाहिलं. (आवाजाच्या बाबतीत मी अज्जांवर गेले आहे.) पण त्याच सुमारास आमच्या चित्रपट-अभ्यासाच्या मॅडमनी प्रकल्प दिला. एखाद्या जुन्या चित्रपटाच्या, घरी बसून पाहण्यासाठी वेळोवेळी निघालेल्या आवृत्त्यांची तुलना करायची. वर्गातली मुलं कुठला चित्रपट घ्यावा म्हणून चिंतेत पडली. मला चिंता नव्हती. पुढच्या आवृत्तीत तरी अज्जांचा चेहरा निघेल या आशेने आमच्या घरात 'सूर्यगड' जितक्या वेळा विकत आणला गेला, तितक्या वेळा गादीची खोळही आणली नसेल.

मी मन लावून तुलना केली. आधी कॅसेट. चित्रपट लांबरुंद, तेव्हाचे टीव्ही चौकोनी, म्हणून कॅसेट काढणाऱ्यांनी चित्राच्या दोन्ही बाजू कापून टाकल्या होत्या. उजवीकडच्या तुकड्याबरोबर अज्जा गेले आणि कोपर तेवढं वाचलं. त्यातही आम्ही ती जागा इतक्या वेळा थांबवून पाहिली होती की तिथे टेप झिजली होती. लढाईचा आवाज जाऊन नुसती चुरचुर राहिली होती, तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखी. मग आली सीडी. तिच्यात धूळ उडाली की सगळं सैन्य फरश्या बसवल्यासारखं चौकोनी व्हायचं. कोपरही चौकोनी, आणि आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. अज्जी जवळ जाऊन बघून म्हणाली होती, "हे कोपर आहे की म्हैसूरपाक?" मग डीव्हीडी. डब्यावर 'भव्य रुंद चित्र' असं छापलेलं होतं. प्रत्यक्षात त्यांनी आधीच्या चौकोनी चित्राचाच वरचा-खालचा भाग कापून ते रुंद केलं होतं. म्हणजे बाजूचे अज्जा आले नाहीतच, वर सेनापतींचा फेटाही गेला. आवाजही नवीन भरलेला. सगळ्या तलवारी एकाच भांड्यावर एकच चमचा आपटल्यासारख्या वाजत होत्या.

आणि मग आमच्या कॉलेजच्या माध्यमकक्षात नवी डिस्क आली. कुणीतरी मूळ फिल्म शोधून काढली होती. तिच्यावरचे ओरखडे एकेक करून पुसले होते, रंग परत आणले होते आणि चित्र पूर्ण रुंदीत ठेवलं होतं. तिच्यात आवाजाचेही तीन पर्याय होते. एक नवा घुमणारा आवाज, दुसरं एका अभ्यासकाचं विवेचन, तिसरा मूळ आवाज. मी पहिली दहा-पंधरा मिनिटं पाहिली. जिथे आमच्या कॅसेटमध्ये एक घोडा होता तिथे तीन होते. जिथे राणीसाहेब भिंतीशी बोलत असत, तिथे त्यांच्या समोर चक्क राजे बसले होते. तेवढ्यात कक्ष बंद व्हायची वेळ झाली. मी जिन्यातूनच दुकानात फोन लावला.

"अज्जा, ह्याच्यात कडा आहेत."

"कसल्या कडा?"

"चित्राच्या. दोन्ही बाजूंचं कापलेलं सगळं परत आलंय. तुम्ही दिसणार."

"दिसणार की दिसलो?"

(अज्जा शिंपी आहेत. माप घेतल्याशिवाय कापडाला कात्री लावत नाहीत. ही सवय माझ्यात उतरली असती तर पुढचं काहीच घडलं नसतं.)

"दिसणारच, अज्जा."

 फोनवर मशीन थांबल्याचा आवाज आला, आणि चपला घातल्याचा.

अज्जा थेट रंगरावांकडे गेले होते. तिथे काय झालं ते मला अप्पांकडून कळलं. रंगराव म्हणाले, सरी, ठीक आहे, मंडळ ती डिस्क विकत घेईल आणि संमेलनातच लावू. एचएसआर लेआउटमधल्या एका आयटीवाल्या सभासदाने सभागृहाला मोठा टीव्ही आणि स्पीकर दिलेच आहेत. सगळ्या समाजासमोर बघू. "दिसलास तर हार मी घालतो. पाहिजे तेवढा वेळ बोल. नाही दिसलास, तर ह्यापुढे सूर्यगड म्हणून तोंडातून काढायचं नाही. लग्नात नाही, बारशात नाही, दुकानात गिऱ्हाइकासमोरही नाही."

"सरी," अज्जा म्हणाले.

त्यांनी हुबळीच्या आत्याला बोलावलं. तिने तिच्या सासरच्यांना बोलावलं. अज्जांनी स्वतःसाठी बंद गळ्याचा नवा कोट कापला. आणि इकडे मी, पुढच्या आठवड्यात, माध्यमकक्षात बसून लढाईपर्यंत पोहोचले.

कोपर आलं.  कोपरामागून दंड आला, दंडामागून खांदा. अंगरखा खरोखरच मापाचा होता. खांद्याच्या वर चेहरा यायला हवा होता. तिथे ढाल आली.

मी चित्र मागे नेलं. ढाल. पुढे नेलं. ढाल. एकेक चित्र सरकवत पाहिलं. ओरखडे पुसणाऱ्यांनी फार मेहनत घेतली होती. ढालीवरचा एकेक खिळा लखलखत होता.

प्रकल्प तर पुरा करायचा होता. मी त्या प्रसंगावरचं अभ्यासकाचं विवेचन ऐकलं. लढाईच्या भरात सेनापती अचानक अर्धं पाऊल बाजूला सरतात, या एका हालचालीत त्यांच्या मनातलं सगळं द्वंद्व आहे, असं त्यात सांगितलं होतं. मला ते फार पटलं. मी त्या अर्ध्या पावलावर दीड पान लिहिलं. मूळ आवाज मी फक्त श्रेयनामावलीपुरता लावून पाहिला आणि 'आवाज सपाट. विशेष ऐकण्यासारखं काही नाही' अशी नोंद करून प्रकल्प देऊन टाकला.

दुकानात येऊन अप्पांना म्हटलं, "अप्पा, ढाल आहे."

"कुणाची?"

"अज्जांची. तोंडासमोर."

अप्पांनी कात्री खाली ठेवली. "म्हणजे तिच्या मागे अज्जाच की."

"ते आपल्याला कळतं. रंगरावांना कोण सांगणार?"

"आधी अज्जांना कोण सांगणार ते बोल."

"तुम्ही सांगा."

"माझे ते वडील आहेत. मी कसं सांगू?"

"माझे अज्जा आहेत."

"फोन तू केलास," अप्पा म्हणाले. 

आईने मात्र व्यवहारी सल्ला दिला. "कुणी काही सांगू नका. त्या दिवशी लाईट जाऊ दे म्हणून देवाला सांगते." आमच्या गल्लीत लाईट जायला देवाला कधी सांगावं लागत नाही, हाच काय तो आधार होता.

तरी मी एकदा धीर केला. अज्जा कोटाला अस्तर लावत होते. मी जवळ बसले. "अज्जा, लढाईत तुमच्याकडे ढाल होती का हो?"

"होती की. लाकडाची. फार जड."

"मग ती धरली कुठे होती?"

"का गं?"

"असंच. प्रकल्पासाठी."

"धरायची कुठे, अशी." त्यांनी हात कमरेशी धरला. "वर धरली तर तोंड कसं दिसेल माणसाचं?" मग कोट अंगावर चढवून माझ्याकडे वळले. "कॉलर बघ जरा. गळ्याशी नीट बसते का? सगळी माणसं बघणार त्या दिवशी."

कॉलर छान बसत होती. मी तेवढंच सांगितलं.

संमेलनाच्या रविवारी सकाळी लाईट गेली नाही. पाऊस आला नाही. ट्रॅफिकही नव्हता, हुबळीची आत्या सासरच्यांसकट वेळेआधी पोहोचली. सभागृह गच्च भरलं. अज्जा पहिल्या रांगेत, नव्या कोटात. कॉलेजात शिकते म्हणून रिमोट माझ्या हातात. रंगरावांनी टेबलावर हार ठेवला होता, पण तो अजून पुडीतच होता.

"नमस्कार करून सुरू करू," रंगराव म्हणाले. "मुली, थेट लढाई लाव. बाकीचा चित्रपट सगळ्यांनी बघितलाय."

मी लढाई लावली. स्पीकर असे काही घुमले की मागच्या रांगेतली तान्ही मुलं रडायला लागली. घोडे आले, धूळ आली, सेनापती आले. मग उजवीकडून कोपर आलं. हुबळीकर टाळ्या वाजवायला सज्ज झाले. दंड, खांदा, आणि ढाल.

टाळ्या हवेतच राहिल्या.

"छान आहे ढाल," रंगराव म्हणाले.

कुणीतरी हसलं. मग बरेच जण हसले. अज्जांनी पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. रागावून नाही. गिऱ्हाइकाने कपडा परत आणला की ते शिवणीकडे बघतात, तसं.

"तो मीच आहे," ते हळूच म्हणाले.

"काय म्हणालात?" अज्जीने विचारलं.

"तो मी आहे म्हटलं."

"रघू, ढालीमागे कुणीही असतं," रंगराव म्हणाले. आवाज मऊ होता, आणि त्यामुळे जास्तच लागत होता. "ठरलंय ना आपलं? सोड आता."

अज्जा उठायला लागले. कोटाची खालची दोन बटणं त्यांनी बसताना सोडली होती, ती लावू लागले. मला वाटलं, निदान पडद्यावरची ती ढाल तरी घालवावी. मी रिमोटचं बटण दाबलं. ते बंद करायचं नव्हतं. लढाई पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली.

"अय्यो, परत कशाला?" कुणीतरी कण्हलं.

मी घाईघाईने दुसरं बटण दाबलं. घोड्यांचा आवाज गेला आणि एक भारदस्त आवाज संथपणे बोलू लागला, "आता सेनापतींच्या पावलांकडे पाहा..."

"हा कोण मध्येच?" रंगराव.

"अभ्यासक आहेत, काका."

"त्यांना बसायला सांग."

पडद्यावर कोपर आलं. "...हे अर्धं पाऊल," अभ्यासक म्हणत होते, "म्हणजे मराठी पडद्यावरचं एक महान मौन आहे..."  कुठलं बटण कशाचं हे कळेनासं झालं होतं. मी चित्र मागे नेलं, आणि तेच मघाचं बटण आणखी एकदा दाबलं.

स्पीकरचं घुमणं एकदम बसलं. आवाज लहान झाला, जवळचा झाला, एखाद्या जुन्या रेडिओतून यावा तसा. हा मूळ आवाज होता, जागेवर नोंदलेला, मी 'सपाट' म्हणून निकालात काढलेला. घोड्यांच्या टापा खडकावर नुसत्या टकटक वाजत होत्या. कुणीतरी खोकत होतं. 'हर हर महादेव' झालं, दुसऱ्यांदा व्हायच्या आधी सगळ्या सैन्याने श्वास घेतला, आणि त्या शांततेत, सेनापतींच्या मागून, एक तरुण, बारीक, अतिशय नम्र आवाज म्हणाला:

"अण्णा, स्वल्प सरका."

सेनापती अर्धं पाऊल बाजूला सरकले.

 कुणी न सांगताच मी चित्र मागे नेलं.

"अण्णा, स्वल्प सरका."

आता हे इथे बसलेल्यांना समजावून सांगायची गरज नव्हती, पण बाहेरच्या वाचकासाठी सांगते. साताऱ्याचा मावळा 'जरा सरा' म्हणेल. म्हैसूरचा माणूस 'स्वल्प जरुगी' म्हणेल. पण 'थोडं' कानडीत, 'सरका' मराठीत, आणि भर लढाईत साक्षात सेनापतीला अण्णा, असं बोलणारा माणूस जगात फक्त आमच्याकडे तयार होतो. आणि आमच्यातले सगळे जण त्या वेळी तंबूत काजं करत होते, नाहीतर चष्म्यापायी परत पाठवले गेले होते. एक सोडून.

"पुन्हा लाव," रंगराव म्हणाले.

मी पुन्हा लावलं. त्यांनी चष्मा काढला आणि डोळे मिटून ऐकलं. "शाळेत बाकावर," ते म्हणाले, "हा रोज मला हेच म्हणायचा. ह्याच आवाजात." मग ते वळले. "रघू, अरे, सेनापतीला सरक म्हणालास तू?"

अज्जांचे कान लाल झाले होते. "त्यांचा खांदा मध्ये येत होता. मी कॅमेऱ्यात कसा दिसणार?"

"मग ते सरकल्यावर ढाल कशाला धरलीस तोंडासमोर?"

"त्यांनी वळून बघितलं," अज्जा म्हणाले. "लाज वाटली."

त्यानंतर जे झालं त्याला हसणं म्हणत नाहीत. छत वर गेलं आणि खाली आलं. हुबळीच्या आत्याच्या सासऱ्यांना पाणी द्यावं लागलं. तीन वेळा, चार वेळा, 'परत लाव, परत लाव'. आणि दर वेळी सेनापती, सगळ्या महाराष्ट्राचे लाडके सेनापती, आमच्या अज्जांच्या शब्दाला मान देऊन निमूट बाजूला होत होते. तेवढ्यात अज्जीने ऐकू येईल अशा आवाजात विचारलं, "अहो, पण तुम्ही तर 'पुढे व्हा' म्हणालो म्हणून सांगत होता की."

अज्जांनी थोडा विचार केला. "अर्थ तोच," ते म्हणाले.

रंगरावांनी पुडी सोडली आणि हार स्वतः घातला. कोटाची कॉलर चुरगळू नये म्हणून अज्जांनी मान लांब केली, तेव्हा रंगराव त्यांच्या कानाशी काहीतरी बोलले. काय ते आम्हाला ऐकू आलं नाही, पण अज्जांनी त्यांचा हात बराच वेळ सोडला नाही. मग ते माईकसमोर उभे राहिले. जेवणाची पानं मांडून झाली, भात वाढून झाला, भात निवला, तरी 'सूर्यगड आणि मी' चालूच होतं, आणि यंदा कुणी कंटाळलं नाही. अभ्यासकांच्या त्या महान मौनावर मी लिहिलेलं दीड पान मला मात्र जेवताना आठवत होतं. दुसऱ्या दिवशी मॅडमकडून प्रकल्प परत मागून घेतला आणि ते दीड पान काढून तिथे अज्जांचे तीन शब्द लिहिले.

आता आमच्या समाजात माझं नाव झालं आहे. कॉलेजात काय शिकते हे अजून कुणाला नीट माहीत नाही, पण जुन्या कॅसेटीतून माणसं ओळखून देते, एवढं सगळीकडे पोचलं आहे. पहिलं काम आमच्या मंडळातल्या यमुनाक्कांनी आणलं. त्यांच्या लग्नाची कॅसेट. पंगतीच्या गडबडीत कुणीतरी बाई स्पष्ट म्हणते, "वधूपक्षाचा भात कच्चा आहे." ही आपली नणंदच, अशी यमुनाक्कांची खात्री आहे, आणि इतकी वर्षं त्या तिच्याशी मोजकंच बोलतात. फक्त पुरावा हवा होता.

मी कॅसेट लावून, कान देऊन, पुन्हा पुन्हा ऐकलं. या वेळी घाई केली नाही, फोन केला नाही. नणंद निर्दोष आहे. आवाज यमुनाक्कांच्या आईचा आहे.

हे यमुनाक्कांना कसं सांगायचं, ते आमच्या अभ्यासक्रमात कुठेच नाही.